जपानचा प्रवास आणि सारथ्याची झोप



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, तेव्हा विषय आम्हीच कळवावा असे पत्रात लिहिले होते. आम्ही उलट टपाली कळविले, 'जपानचा खासगी मोटारीचा प्रवास कसा आखावा.' दुसऱ्याच दिवशी चिटणीस आमच्या कचेरीत हजर! त्यांना वाटले, पाकिटांची अदलाबदल झाली. ज्या माणसाने तीस वर्षे मोटारचालकांचा पगार आणि भत्ता यांपलीकडे भाषण केले नाही, त्याला हे परदेशगमनाचे, आणि तेही चैनीच्या परदेशगमनाचे, डोहाळे कुठून लागले, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता. आम्ही त्यांना चहा दिला आणि सांगितले, विषय जपानचाच आहे. फक्त आम्ही तो गाडीच्या पुढच्या आसनावरून मांडणार आहोत.

प्रथमच एक कबुली देऊन टाकतो. आम्ही जपान पाहिलेला नाही. आमची शाळा नववीत सुटली. त्यानंतरची शाळा म्हणजे ट्रकवरची क्लीनरची जागा, आणि कॉलेज म्हणजे १८२८ साली स्थापन झालेले आपले जिल्हा नगर वाचनालय. तेथे बसून जेवढे जग वाचता आले तेवढे वाचले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते पाहिलेल्या माणसाचे प्रवासवर्णन नव्हे. दुसऱ्यासाठी प्रवास आखताना आम्हांला जे कळले, त्याची ही हकीकत आहे.

जपानशी आपल्या जिल्ह्याचा संबंध तसा जुना. खेड तालुक्यातल्या शेरवलीस १८५८ साली जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेले धोंडो केशव कर्वे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. अण्णासाहेब लहान असताना एका परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्यास पायी गेले. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून कुंभार्ली घाट चढून, दिवसांमागून दिवस चालत गेले. आणि तेथे गेल्यावर, वय लहान दिसते म्हणून परीक्षेस न बसविता त्यांना परत पाठविले! हाच माणूस पुढे, वयाची सत्तरी उलटल्यावर, १९२९-३० साली युरोप, अमेरिका आणि जपान असा प्रवास करून आला. तोक्योत जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले होते. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली आणि त्यातून १९१६ साली आपल्याकडचे महिला विद्यापीठ उभे राहिले. ज्या झाडाचे बी आणले ते झाड डोळ्यांनी पाहावे, यासारखा दुसरा प्रवास कोणता? त्या प्रवासाला कोणी चैनीचा म्हणणार नाही. पण तो त्या माणसाच्या मापाने बेतलेला होता एवढे खरे. अंगरखा जसा शिंप्याकडे माप देऊन शिवावा तसा.

आता आपल्या काळाकडे येऊ. मराठी माणसाला घराबाहेर काढण्याचे काम सहल-कंपन्यांनी केले, हे मान्य केले पाहिजे. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ साली आपली कंपनी काढली. पुढे अशा कंपन्या वाढल्या, आणि ज्यांनी पंढरपूर-काशीपलीकडे पाहिले नव्हते अशी माणसे हातात छोटी पिशवी आणि गळ्यात ओळखपत्र घालून परदेशी जाऊन आली. हा झाला समूहाचा प्रवास. चाळीस माणसे, एक बस, एक म्होरक्या, आणि सकाळी सातला नाश्ता. पण ज्याच्या गाठीशी चार पैसे आहेत आणि ज्याला चाळिसांच्या पावलाशी पाऊल जुळविता येत नाही, असा प्रवासी आता निराळी मागणी करतो. 'आमच्या घरच्यांपुरती गाडी, आमच्या सोयीची वेळ, आमच्या पथ्याचे जेवण.' जाहिरातीत याला कस्टमाइज्ड म्हणतात. आपण याला 'मापाचा प्रवास' म्हणू.

असा एक प्रवास आखण्याची पाळी आमच्यावर आली. आमचे एक स्नेही आहेत, आंबा बागायतदार. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. वडील अठ्ठ्याहत्तरीचे, आई चौऱ्याहत्तरीची. काकूंचे दोन्ही गुडघे झिजलेले. वडिलांनी तरुणपणी कुठल्याशा दिनदर्शिकेवर फुजी पर्वताचे चित्र पाहिले होते. तो डोंगर एकदा प्रत्यक्ष पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलाने ठरविले की न्यायचे, आणि राजासारखे न्यायचे. एका मोठ्या शहरातल्या दलालाकडून त्यांनी आराखडा मागविला आणि तो घेऊन ते आमच्याकडे आले. म्हणाले, "भाई, तुम्ही वाचणारे. आणि गाडीतले तुम्हांला कळते. एकदा नजर घाला."

आम्ही नजर घातली. चौदा पाने, गुळगुळीत कागद. दिवसभर गाडी दिमतीला. सकाळी आठला तोक्योहून निघायचे, फुजी पाहायचा, तळे पाहायचे, आणि त्याच गाडीने रात्री क्योतोस मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तीच गाडी, तोच चालक, देवळे पाहण्यास हजर. तोक्यो ते क्योतो म्हणजे साडेचारशे किलोमीटरांच्या वर रस्ता. त्यात फुजीचा वळसा आणि दोन म्हाताऱ्या माणसांचे थांबे. आम्ही बोटांवर हिशेब केला. गाडी क्योतोस पोचणार रात्री दहाच्या पुढे. पुढचे पान उलटले, मागचे उलटले. हॉटेलच्या उशांचा प्रकार लिहिला होता. चालक कोठे झोपणार, हे चौदा पानांत कोठेही नव्हते.

श्रोतेहो, हे आमच्या नजरेस का आले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेचा एक चालक, एका मालकाच्या पर्यटनाच्या गाडीवर होता. पाहुणे रेल्वेने कोल्हापुरास उतरणार होते. त्यांना पहाटे पाचला घेण्यासाठी हा रत्नागिरीहून रात्री एकला निघाला. पाहुण्यांना गणपतीपुळे दाखविले, जयगड दाखविले, आरे-वारेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त दाखविला. पाहुण्यांचा बेत मुक्कामाचा होता. पण सूर्यास्त झाल्यावर त्यांनी विचार केला की रात्रीत कोल्हापूर गाठले तर खोलीचे भाडे वाचेल आणि चालकाचा रात्रीचा भत्ताही वाचेल. मालकाला फोन केला. मालक म्हणाला, जातो की आमचा माणूस! माणूस गेला. रात्री अकराच्या सुमारास आंबा घाटात गाडी डोंगराच्या अंगाला आदळली. दरीच्या अंगाला गेली असती तर सांगायला कोणी उरले नसते. चालकाचा पाय गेला. पाहुण्यांतल्या एका बाईंचा हात मोडला. आम्ही रुग्णालयात गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "डोळा कधी लागला ते कळलंच नाही, भाई."

त्या पाहुण्यांशीही आम्ही बोललो. भांडण्याच्याच तयारीने गेलो होतो. पण ते गृहस्थ रडत होते. म्हणाले, "अहो, आम्हांला वाटलं, गाडी पहाटे पाचला सुरू झाली." पाहुण्यांच्या हिशेबाने अठरा तास, चालकाच्या हिशेबाने बावीस. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. पाहुण्यांच्या कागदावर चालकाच्या झोपेचा रकाना नव्हता, एवढेच.

कायदा नव्हता असे मात्र नाही. १९६१ साली आपल्याकडे मोटार परिवहन कामगारांचा कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. सारे काम मिळून बारा तासांच्या आत. आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. १९६१ च्या त्या कायद्याची कलमे आम्हांला तोंडपाठ होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. दोन गाड्यांचा मालक कायद्याच्या कुंपणाबाहेर, आणि आपल्या कोकणातल्या पर्यटनाच्या गाड्या बहुतेक अशाच कुंपणाबाहेरच्या. त्या ठिकाणी कायद्याचे काम करणारा एकच माणूस उरतो. तो म्हणजे गाडी भाड्याने घेणारा प्रवासी.

तर तो जपानचा आराखडा समोर घेऊन आम्ही बागायतदारांना विचारले, "भाऊ, हा सारथी झोपणार कुठे?"

ते म्हणाले, "भाई, तुमचे सगळ्यात युनियन! जपानी लोक शिस्तीचे. तिथे सगळे व्यवस्थित असते. आणि मी पैसे मोजतोय, गाडी चोवीस तास दिमतीला हवी."

शिस्तीचा देश आहे हे खरे; म्हणून तेथला कायदा काय म्हणतो ते आम्ही शोधून काढले. २०२४ च्या एप्रिलपासून तेथे टॅक्सी आणि बस चालकांचे नियम कडक झाले आहेत. कामावर हजर झाल्यापासून सुटेपर्यंतचा काळ दिवसाला साधारण तेरा तास, फार तर पंधरा. यात गाडी उभी करून पाहुण्यांची वाट पाहण्याचे तासही धरतात. दोन दिवसांच्या कामांमध्ये अकरा तास विश्रांती असावी असा प्रयत्न, आणि नऊ तासांपेक्षा कमी कदापि नाही. आम्हांला आनंद झाला. पण पुढे वाचले, आणि आनंद निम्मा झाला. चालकासह दिमतीला मिळणारी जी खास गाडी, जिला जपानी माणूस 'हाइया' म्हणतो, तिच्या चालकाला हे तेराचे आणि नवाचे आकडे लागू नाहीत. त्याच्यासाठी जादा कामाची मर्यादा आहे, आणि मालकाने झोपेपुरती विश्रांती दिली पाहिजे असे वाक्य आहे. आकडा नाही.

म्हणजे पाहा, गाडी जितकी श्रीमंती थाटाची, तितका चालकाच्या झोपेचा आकडा पुसट. बसमधल्या चाळीस जणांच्या चालकाला नऊ तासांची हमी, आणि चौघांच्या थाटाच्या गाडीच्या चालकाला एक सदिच्छेचे वाक्य. कारण चैनीच्या गाडीचे गिऱ्हाईक म्हणते, 'मी सांगेन तेव्हा'. मापाचा प्रवास म्हणतात तो हाच. फक्त माप घेताना एका माणसाचे माप घ्यायचे राहून जाते.

आणखी एक आकडा सांगतो. तेथे चालकांच्या जादा कामाची मर्यादा वर्षाला ९६० तास ठरली. भागिले बारा, म्हणजे महिन्याला ऐंशी. आता जपानी भाषेत 'कारोशी' असा एक शब्द आहे. अर्थ, अतिश्रमाने आलेला मृत्यू. असा मृत्यू कामामुळे आला की नाही हे ठरविताना तेथले सरकार जी रेघ धरते, ती कित्येक महिन्यांच्या सरासरीने महिना ऐंशी जादा तास, हीच! मर्यादा आणि मरणाची रेघ एकाच ठिकाणी येऊन टेकली आहे. अतिश्रमाने येणारे मृत्यू टाळण्यासाठी त्या देशाने २०१४ साली कायदा केला आणि त्याच्या जागृतीसाठी नोव्हेंबर महिना नेमला. तेव्हा जपान म्हणजे स्वर्ग आणि आपण म्हणजे नरक, असे आम्ही म्हणत नाही. थकवा सर्वत्र सारखाच आहे. त्यांनी निदान त्याला नाव दिले, आणि त्याची मोजदाद सुरू केली.

बागायतदारांना हे पटले नाही. पैसे मोजणाऱ्या माणसाला कायदा सांगितला की तो आणखी घट्ट होतो, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. मग आम्ही कायदा बाजूस ठेवला आणि विचारले, "भाऊ, तुमच्या पेट्या वाशीला कशा जातात?"

आपणां सर्वांना हे ठाऊक आहे. हंगामात संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री ट्रक निघायचा, आणि सकाळच्या बाजाराला वाशीत हजर. सव्वातीनशे किलोमीटर, घाट, वळणे, रस्त्याची कामे. तोच चालक रिकामा ट्रक घेऊन दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बागेत. मार्च ते मे, हेच चक्र. आम्ही म्हणालो, "तो कधी झोपतो?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाशीला माल उतरवून घेतात तेव्हा. दोन तास. ट्रकखाली." एवढे बोलून त्यांनी चौदा पाने आमच्यापुढे सरकविली. "तुम्हीच आखा," म्हणाले.

आता तो आराखडा कसा झाला ते सांगतो. कारण तुमच्यापैकी ज्यांना जायचे असेल त्यांना त्याचा उपयोग होईल.

पहिला प्रश्न ऋतूचा. सगळे जग साकुराची फुले पाहण्यास जाते. ती तोक्यो-क्योतोकडे मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलतात. पण तेव्हाच आपला हापूस उतरतो. बागायतदाराने त्या दिवसांत घर सोडावे हे शक्य नाही. म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध धरला. भात कापून झालेले, दिवाळी झालेली, मोहोराची पुरती धांदल सुरू व्हायची आहे. आणि तिकडे क्योतोत मेपलची पाने लाल झालेली. एप्रिलअखेर ते पाच मे हा त्यांच्या सुट्ट्यांचा आठवडा मात्र सर्वांनी टाळावा. सारा देश रस्त्यावर असतो.

दुसरा प्रश्न, गाडी कोठे आणि आगगाडी कोठे. चैन म्हणजे सगळीकडे मोटार, ही समजूत आम्ही काढून टाकली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका शिन्कान्सेन सुरू झाली. आज ती तोक्योहून क्योतोस सव्वादोन तासांत नेते. त्या अंतरावर मोटार म्हणजे म्हाताऱ्यांच्या कमरेला शिक्षा आणि चालकाच्या डोळ्यांना जाच. म्हणून लांबच्या उड्या आगगाडीने, आणि जिथे जिने, चढ, बस बदलणे आहे तिथे मोटार. तोक्योत गाडी, तोक्योहून हाकोनेस गाडी, ते अंतर दोन तासांच्या आतबाहेर, हाकोनेहून ओदावारा स्थानकापर्यंत गाडी, तेथून आगगाडीने क्योतो, आणि क्योतोस तेथलीच दुसरी गाडी, तेथलाच चालक. रात्री तो आपल्या घरी, आपल्या मुलांत झोपणारा. नातू म्हणत होता, मीच चालवतो. १९४९ च्या जिनीव्हा करारान्वये आपला आंतरराष्ट्रीय परवाना तेथे चालतो, आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून आहे. पण आजीआजोबांकडे पाहायचे की परक्या लिपीतल्या पाट्यांकडे, असे विचारल्यावर त्याने हट्ट सोडला.

तिसरा प्रश्न सामानाचा. जपानात १९७६ साली 'ताक्युबिन' नावाची घरपोच सामानाची सोय सुरू झाली. हाकोनेच्या मुक्कामावरून मोठ्या पेट्या क्योतोस आदल्या दिवशी रवाना करायच्या, आपण हातात एक पिशवी घेऊन आगगाडीत बसायचे. हमालाचे आणि सुनेचे, दोघांचेही हात वाचतात.

चौथा प्रश्न पोटाचा. काकू सोमवार, गुरुवार पाळणाऱ्या; इतर दिवशी मासे खाणाऱ्या. जपानात साध्या कढणातही सुक्या माशाचा अर्क असतो. त्याला 'दाशी' म्हणतात. नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'दाशीही नको' असे लेखी कळवावे लागते. म्हणून गुरुवार आम्ही कोयासानला नेऊन बसविला. वाकायामा प्रांतात डोंगरावर ८१६ साली कुकाई या आचार्याने स्थापन केलेले हे बौद्ध क्षेत्र. तेथे मंदिरातच उतरता येते आणि मंदिराचे शाकाहारी जेवण मिळते, कांदालसूणही नसलेले. तेथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसविला आहे. मात्र तेथे जमिनीवर बसणे-निजणे आले. म्हणून खुर्ची आणि पलंग यांची सोय आहे का, हे आधी विचारून मगच जागा धरली.

गरम पाण्याच्या झऱ्यांचेही तसेच. आपल्या राजापूरचे उन्हाळे किंवा संगमेश्वराकडचे तुरळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हाकोनेचे 'ओन्सेन' नवे वाटू नये. फरक एवढा की तेथे आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचे आणि मग विवस्त्र पाण्यात उतरायचे. स्त्रीपुरुषांची कुंडे निराळी. आपल्या वडीलधाऱ्यांना ते जमायचे नाही. त्यांच्यासाठी खोलीला जोडलेले कुंड मागावे. पैसे अधिक पडतात, पण हा खर्च गैर नव्हे. आम्ही कामगार-चळवळीतली माणसे चैनीला नाक मुरडतो असा समज आहे. तो खरा नाही. झिजलेल्या गुडघ्यांना पन्नास वर्षांनी ऊन पाण्याचे सुख मिळाले, तर त्यात कोणाचे काय गेले? प्रश्न एवढाच की ते सुख कोणाच्या झोपेतून कापून घेतलेले नसावे.

आणि म्हणून पाचवा प्रश्न, जो आम्ही वहीत सर्वांत आधी लिहिला होता. गाडीचा दिवस सकाळी नऊ ते सायंकाळी सहा. 'हाइया'चे भाडे तेथे गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून गॅरेजला परत जाईपर्यंत मोजतात, ही गोष्ट आम्हांला फार आवडली. आंबा घाटातल्या त्या रात्री हाच हिशेब कोणी धरला असता तर? कोयासानच्या रात्री चालकासाठी स्वतंत्र खोली, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता आराखड्यातच धरला. गाडीची पाटी हिरवी असावी असे लेखी घेतले. जपानात भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी, घरगुती गाडीची पांढरी. पांढऱ्या पाटीवर चोरून पाहुणे नेणारे स्वस्त पडतात. पण तेथे परवाना नाही, तासांची नोंद नाही, आणि अपघात झाला तर विम्याचीही खात्री नाही.

बक्षिशीचेही लिहून ठेवले. जपानात बक्षीस देत नाहीत. दिले तर माणूस संकोचतो. आपण येथे तासांचे पैसे देत नाही आणि शेवटी पन्नासाची नोट खिशात कोंबून पुण्य मिळवितो. बक्षीस हे पुष्कळदा बुडविलेल्या मजुरीचे व्याज असते.

हे सारे दलालास पाठविले. चालकाच्या झोपेबद्दल पहिले उत्तर आले, 'त्याची काळजी आपण करू नये.' आम्ही पुन्हा लिहिले, तीच काळजी आम्हांला आहे. तिसऱ्या पत्राला वेळा आणि खोली लेखी मिळाल्या.

आता गंमत पाहा. दिवसाला नऊ तास आणि दोनच ठिकाणे, असे आम्ही चालकासाठी आखले. बागायतदारांनी तो कागद काकूंच्या डॉक्टरांना दाखविला. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यांसाठी मी हेच सांगणार होतो." काकूंचे गुडघे आणि सारथ्याची झोप, दोघांचे वेळापत्रक एकच निघाले. दलालाची चौदा पाने ज्याच्या मापाने शिवली होती तो तिसराच कोणी तरी होता. न थकणारा, न झोपणारा, कोणत्याही घरात नसणारा.

मंडळी गेल्या नोव्हेंबरात जाऊन आली. एक गोष्ट आम्ही त्यांना बजावून सांगितली होती, आंबे, फळे बरोबर नेऊ नका. तपासणीच्या दाखल्याशिवाय ताजे फळ त्या देशात जाऊ देत नाहीत. भारतीय आंब्यावरची त्यांची वीस वर्षांची बंदी २००६ साली उठली, तीही आंबा वाफेच्या उष्णतेत शेकून पाठवायच्या अटीवर. म्हणून काकूंनी आंबापोळीचा मोहही टाळला. फुजी पहिल्या दिवशी ढगात होता. दुपारचे सगळे बेत रद्द करून तळ्याकाठी बसून राहावे, असे वडिलांना वाटले. नऊ तासांच्या दिवसात बसून राहायला वेळ होता. तीनच्या सुमारास ढग सरले. म्हातारा डोंगराकडे पाहत राहिला आणि काही बोलला नाही. काकूंनी आम्हांला सांगितले, "पन्नास वर्षांत ह्यांना इतका वेळ गप्प मी पाहिले नव्हते."

कोयासानला ओकुनोइन नावाची प्राचीन दफनभूमी आहे. दोन लाखांहून अधिक समाध्या. त्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या दिवंगत कामगारांसाठी उभारलेली स्मारकेही आहेत. एवढेच काय, वाळवी मारण्याच्या धंद्यातल्या लोकांनी मेलेल्या वाळवीसाठीही एक दगड उभा केला आहे. बागायतदारांनी तेथून आम्हांला फोन केला. म्हणाले, "भाई, मेलेल्या कामगारांची ही जागा पाहतोय. आणि आमचा चालक आत्ता खोलीत झोपलाय. मला तेच बरे वाटले."

परत आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. आम्ही सांगितली नव्हती. या हंगामात त्यांच्या वाशीच्या ट्रकवर दोन चालक आहेत. पेटीमागे काही खर्च वाढला. शेजारचे बागायतदार त्यांना हसतात. आम्हांला हे त्यांनी सांगितलेही नाही; त्या चालकांपैकी एकाने सांगितले.

श्रोतेहो, महाभारतातला एक प्रसंग आपण कीर्तनांत ऐकला असेल. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि भर रणात अर्जुन म्हणतो, घोडे थकले आहेत. रथ थांबतो. अर्जुन बाणाने भूमीतून पाणी काढतो; श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना पाणी पाजतो, आणि मग पुन्हा जुंपतो. प्राणावर बेतलेल्या दिवशी ज्यांना थांबायला वेळ होता, त्यांचीच प्रतिज्ञा पुरी झाली. आपल्याला तर फक्त सूर्यास्त पाहायचा असतो.

जपानला आपल्यापैकी थोडेच जातील. पण गाडी भाड्याने सगळेच घेतात. लग्नाला, तिरुपतीला, मुंबईच्या विमानतळावर. पुढच्या वेळी गाडी ठरविताना भाड्याची घासाघीस खुशाल करा. फक्त दोन प्रश्न विचारा. तुम्ही घरून किती वाजता निघालात? आणि आज रात्री झोपणार कुठे? उत्तर बरोबर नसेल तर तुमचा बेत बदला. ज्याचा पाय आंबा घाटात गेला तो आमचा जुना सहकारी आज याच मांडवात, मागच्या रांगेत बसला आहे. या विषयावर बोला, असे त्यानेच आम्हांला सांगितले. तेव्हा हे भाषण त्याचे समजावे. उच्चार तेवढा आमचा.